‘जस्ट अ मिनिट’ बंद करा म्हणणाऱ्यांना उत्तर

घड्याळ_शिट्टी

परवा दुसऱ्या एका धाग्यावर ‘सांगलीकर’ यांनी ‘जस्ट अ मिनिट’ या बीबीसी रेडिओवरच्या खेळाबद्दल आणि त्यात निकाल देणारे अध्यक्ष निकोलस पार्सन्स यांच्याबद्दल जाता जाता लिहिलं, ते आधी इथे देतो: “निकोलस पार्सन्स २०२० च्या जानेवारीत गेले, त्याच दिवशी ‘जस्ट अ मिनिट’ बंद करायला हवं होतं. साठ सेकंद न थांबता बडबडायचं, यात विनोद कुठे आहे? चार सुखवस्तू गोरे एकमेकांच्या चुका काढतात आणि बाकीचे हसतात. आपल्या कॉलेजांनी नेमकं तेवढंच उचललं.” खाली सात-आठ जणांनी ‘शंभर टक्के सहमत’ लिहून टाकलं. दोन दिवस गप्प बसलो. आज लिहितोय, लांबेल, इलाज नाही.

बडबड? विषय मिळाल्यावर मिनिटभर बोलायचं आणि त्यात अडखळायचं नाही, पुनरुक्ती करायची नाही, विषयांतर करायचं नाही. जरा करून बघा. कार्डावरचा विषय आणि ‘आणि’सारखे किरकोळ शब्द सोडले तर एकदा वापरलेला शब्द पुन्हा नाही. समोर तिघं बोट बझरवर ठेवून टपलेले. हरकत बरोबर निघाली की गुण त्यांना आणि उरलेली सेकंदंही त्यांची. हरकत चुकली की गुण तुम्हाला. शिट्टी वाजताना जो बोलत असेल त्याला गुण. २२ डिसेंबर १९६७ ला रेडिओ फोरवर पहिला भाग गेला तेव्हापासून मूळ खेळ एवढाच आहे, आणि त्याला फारशी ठिगळं लागली नाहीत म्हणून तो टिकला.

मी २००४ ते २०११ इंग्लंडमध्ये लेस्टरला होतो. एका गोदामात काम. सोमवारी सुटलो की साडेसहाला रेडिओ फोर. पहिल्या हिवाळ्यात जुनी गाडी होती. काचेवरचं हिव ग्रंथालयाच्या कार्डाने खरवडायचं आणि इंजिन तापेपर्यंत हात काखेत घालून तिथेच बसून ऐकायचं. इंग्रजी माझं पुस्तकी. कामावर कुणी भराभर बोललं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. आणि इकडे, जन्म ज्यांनी रंगमंचावर काढला अशी माणसं स्वतःच्या मातृभाषेत बाराव्या सेकंदाला ‘अं’ करून अडकत होती. त्या गाडीत बसून माझ्या मनातली मोठी भीती गेली. हे ऋण मी विसरणार नाही.

आता ‘सुखवस्तू’. या खेळाचा सगळ्यात गाजलेला आवाज केनेथ विल्यम्स, १९६८ पासून १९८८ साली वारेपर्यंत. त्यांचे वडील लंडनमध्ये न्हाव्याचं दुकान चालवायचे. १९८९ पासून खेळणारे पॉल मर्टन यांचे वडील लंडनच्या भुयारी रेल्वेत मोटरमन. मर्टन स्वतः आधी सरकारी रोजगार कचेरीत कारकून होते. विनोदाच्या जोरावर वर आलेल्या माणसांना तुम्ही एका शब्दात कापून टाकता, याचा मला राग आला. आहे तो आहे.

सांगलीकर

माझं नाव घेऊन धागा काढलात, तर मीही पूर्ण सांगतो.

न्हाव्याच्या मुलाबद्दल बोलताय ना? मग विल्यम्स बोलायचे कसे तेही सांगा. नाकातून, स्वर ताणून, एखाद्या सरदारासारखं. बापाच्या दुकानात ही भाषा होती का? त्यांनी स्वतःचा आवाज नव्याने घडवला तेव्हा त्यांना त्या खुर्चीत बसता आलं. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

माझी गोष्ट १९९७ ची. वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांची तोलाई करायचे. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात. पुण्यात इंजिनिअरिंगला आलो. गॅदरिंगला ‘जॅम’ होतं, म्हणजे ‘जस्ट अ मिनिट’चंच कॉलेजी रूप. मी शाळेत उत्स्फूर्त वक्तृत्वात जिल्ह्यात दुसरा आलेलो. चिठ्ठी उचलायची, दोन मिनिटं विचार, पाच मिनिटं भाषण. ती सवय होती, म्हणून नाव दिलं. विषय आला, आईचं स्वयंपाकघर. सुरुवात चांगली झाली. चौदाव्या सेकंदाला मी ‘व्हेजी-टेबल’ म्हणालो. तसंच शिकलो होतो. आमच्या सरांनीही तसंच शिकवलेलं. बझर वाजला. एकाने विचारलं, “टेबल कुठे आहे?” निकाल देणाऱ्या जॅम मास्टरने त्याला दोन गुण दिले. सभागृह हसत राहिलं. मी खाली बसलो तेव्हा माझ्या हातात ती चिठ्ठी घामाने भिजलेली होती. चार वर्षं मी त्या कॉलेजात पुन्हा व्यासपीठावर चढलो नाही. आज पंचवीस माणसांचा कारखाना चालवतो, तरी इंग्रजीत बैठक असली की ‘भाजी’ला दुसरा शब्द शोधतो.

म्हणून मला हा खेळ नको.

मूडी_९४

सांगलीकर, वाईट झालं, पण एका कॉलेजच्या उर्मट जॅम मास्टरवरून सगळ्या जॅमला झोडपू नका. मी तीन वर्षं जॅम मास्टर होतो. आमच्या जॅममध्ये गंमत नियमांतच होती. उशिरा सुरुवात, आधी सुरुवात, व्याकरण, उच्चार, हरकत नीट मांडली नाही म्हणून हरकतीवर हरकत. रेडिओवरच्या मूळ खेळापेक्षा आपला जॅम तल्लख आहे असं माझं ठाम मत आहे. तिकडे तीन नियम, इकडे कॉलेजागणिक पंधरा-वीस. मेंदू तिथे धारदार होतो. आज लोकांसमोर उभं राहून बोलतो ते जॅममुळे.

घड्याळ_शिट्टी

मूडी, तुम्ही माझ्या बाजूने बोलताय असं तुम्हाला वाटतंय, पण तुम्ही माझा मुद्दा बुडवताय. मूळ खेळात ‘उच्चार’ हा नियमच नाही. ते तुमच्या कॉलेजांनी घुसडलं. सांगलीकरांना ज्याने रडवलं तो तुमचा नियम, मूळ खेळ रचणाऱ्या इयान मेसिटर यांचा नाही.

मेसिटर यांना हा खेळ सुचला तो लंडनच्या १३ नंबरच्या बसच्या वरच्या मजल्यावर बसलेले असताना. आठवण होती शाळेतली, शेरबोर्नची. इतिहासाच्या मास्तरांनी त्यांना तंद्रीत पकडलं आणि फर्मावलं की गेल्या मिनिटात मी जे बोललो ते न अडखळता, पुनरुक्ती न करता सांग. म्हणजे खेळाचं मूळच एका मुलाच्या भर वर्गातल्या फजितीत आहे. मोठेपणी त्याने त्या शिक्षेचा खेळ केला. पुढे तो स्वतः पार्सन्स यांच्या शेजारी घड्याळ आणि शिट्टी घेऊन बसायचा. ज्याची फजिती झाली होती तोच वेळ मोजत होता. सांगलीकर, मला यात तुमची थट्टा दिसत नाही. तुमच्यासारख्याच एका पोराची बाजू दिसते.

सांगलीकर

शेरबोर्न ही फी भरून शिकायची निवासी शाळा आहे. माझी जिल्हा परिषदेची होती. दोन्हीकडच्या फजितीची किंमत सारखी नसते. तो घरी गेला असेल तर आईने समजूत घातली असेल. मी घरी सांगूच शकलो नाही, कारण ‘व्हेजिटेबल’ म्हणजे काय इथपासून सांगावं लागलं असतं.

आणि ‘उच्चार हा नियम नाही’ म्हणता, तर ‘विषयांतर’ या नावाखाली त्यांनी काय काय खपवलंय ते तुम्हालाही ठाऊक आहे. व्याकरणापासून विषयांतर, इंग्रजी भाषेपासून विषयांतर. मी चार जुने भाग ऐकून मगच लिहिलं होतं. ऐकीव लिहीत नाही मी.

घड्याळ_शिट्टी

हे खरं आहे. अशा हरकती घेतल्या जायच्या. बऱ्याचदा त्यावर अध्यक्ष प्रेक्षकांना हसू देऊन बोलणाऱ्यालाच विषय परत द्यायचे, पण प्रत्येक वेळी नाही. एवढं मान्य. यापुढे नाही.

रेडिंगहून_मी

तुम्ही सगळे १९६७ आणि १९९७ मध्येच अडकलात. मूळ प्रश्न होता की पार्सन्स यांच्यानंतर खेळ चालू ठेवावा की नाही. मी रविवारी दुपारचं पुनःप्रसारण पोळ्या करताना ऐकते, आणि मला सू पर्किन्सचा खेळ जास्त आवडतो. २०२१ पासून ती अध्यक्ष आहे. पार्सन्स थोर होते, वादच नाही. पन्नास वर्षं एकही ध्वनिमुद्रण चुकवलं नाही, पहिली गैरहजेरी २०१८ साली, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी. त्या वेळी जाइल्स ब्रँड्रेथ यांनी खुर्ची सांभाळली. पण शेवटच्या वर्षांत प्रत्येक निकाल समजावून सांगण्यातच वेळ जायचा. सू निकाल देते आणि पुढे जाते.

आणखी एक. ते जुने भाग माझ्या मुलीला ऐकवायला बसले तर मलाच संकोच वाटला. शीला हॅनकॉक बोलत असल्या की विल्यम्स ‘या खेळात बायका कशाला’ म्हणून कांगावा करायचे. तेव्हा तो विनोद होता आणि शीलाबाई सव्वाशेर होत्या, त्या गप्प बसणाऱ्या नव्हत्या. तरी सगळं टेबल पुरुषांचं आणि त्यात एक बाई, हे कित्येक भागांत कानाला लागतं. आता खुर्चीतच बाई आहे. हा खेळ पार्सन्ससोबत संपायला हवा होता म्हणणाऱ्यांनी तो कुणासाठी संपवायचा होता, ते सांगावं.

सांगलीकर

ताई, तुमचा मुद्दा चांगला आहे. तो माझ्या मनात नव्हता. पण माझ्या प्रश्नाचं ते उत्तर नाही.

आकाशवाणी_माझी

मी एक वेगळंच दुःख मांडतो. तिकडे १९६७ चा शब्दांचा खेळ अजून चालू आहे. आपल्याकडे काय उरलंय? मुंबई आकाशवाणीवर ‘पुन्हा प्रपंच’ लागायचं. बाळ कुरतडकरांचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी, प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी. आमच्या गिरगावच्या चाळीत एका घरात रेडिओ लागला की बाकीच्यांना लावायची गरज नसायची. दाराबाहेर कठड्याला टेकून ऐकायचो. तिघांच्या आवाजावर अख्खं घर उभं राहायचं. आता रेडिओ म्हणजे दोन गाण्यांच्या मधे ओरडणारा माणूस. खाजगी एफएमने बोलण्याचा रेडिओ मारला आणि आपण बघत बसलो.

मूडी_९४

‘पुन्हा प्रपंच’ लिहिलेली श्रुतिका होती, खेळ नव्हे. तुलना होत नाही.

आकाशवाणी_माझी

मला ठाऊक आहे काय होती. मी म्हणतोय बोलीबद्दल. साध्या घरगुती मराठीवर लोक हसायचे आणि कुणाच्या उच्चारावर बझर वाजत नव्हता. २०१२ साली बीबीसीवाले ‘जस्ट अ मिनिट’ घेऊन मुंबईत आले, लोअर परळला कॉमेडी स्टोअरमध्ये दोन भाग झाले. पॉल मर्टन, मार्कस ब्रिगस्टॉक, आपल्याकडचे सायरस ब्रोचा आणि अनुवब पाल. मला पास मिळाला होता, गेलो. खेळ छान झाला, खोटं नाही बोलणार. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे पार्सन्स ताठ बसून एकेका शब्दाचा हिशेब ठेवत होते. पण ती जागा फिनिक्स मिलची. माझा मामा तिथे साच्यावर होता. आकाशवाणीवरची ‘कामगार सभा’ ऐकायला कधी पाळी बदलून घ्यायचा. त्याच्या जागेवर बसून मी एक रेडिओचा कार्यक्रम बघितला आणि त्यात त्याच्या भाषेचा एक शब्द नव्हता. घरी येताना लोकलमध्ये मला काहीतरी टोचत राहिलं. ते काय, हे आज सांगलीकरांचं वाचून कळलं.

घड्याळ_शिट्टी

इंग्रजी रेडिओचा खेळ इंग्रजीत झाला यात त्यांचा काय दोष? मिल बंद पडली त्याचं खापर निकोलस पार्सन्सवर फोडणार का आता? हे मात्र खरोखर विषयांतर आहे.

आकाशवाणी_माझी

मी कुणावरही खापर फोडलेलं नाही. नीट वाचा. ‘खेळ छान झाला’ असं लिहिलंय. माझ्या मामाचं नाव निघालं म्हणून तुम्ही बझर दाबलात.

घड्याळ_शिट्टी

माझं चुकलं. रागाच्या भरात लिहिलं. मामांबद्दल असं बोलायला नको होतं.

नीलपंख

तुम्ही सगळे उच्चारांवर भांडताय. मला पहिल्या नियमाबद्दल बोलायचंय. माझा धाकटा भाऊ अडखळत बोलतो, लहानपणापासून. ‘प’ आणि ‘क’ वर अडतो. दुकानात ‘पाव किलो’ मागायला मला पाठवतो. लॉकडाऊनमध्ये मला कुणीतरी हा कार्यक्रम सुचवला, घरात मोठ्याने लावला. एकजण ‘अं’ म्हणाला, बझर वाजला, लोक हसले. परत एकजण थांबला, परत बझर. भाऊ जेवता जेवता उठून आत गेला. ताट तसंच. मी बंद केलं आणि त्यानंतर कधीही लावलं नाही.

सांगलीकरांचा ‘व्हेजिटेबल’ आयुष्यात बदलता येतो. याचा ‘प’ बदलता येत नाही. ज्या खेळाचा पहिलाच गुन्हा ‘अडखळणं’ आहे, तो खेळ चांगला असं मला कुणी पटवू नये.

घड्याळ_शिट्टी

नीलपंख, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहू शकलो नाही. एकच गोष्ट सांगतो, आणि ती युक्तिवाद म्हणून नव्हे. निकोलस पार्सन्स स्वतः लहानपणी अडखळत बोलायचे. डावखुरे होते, उजव्या हाताने लिहायला लावलं गेलं. नट व्हायचं होतं, घरच्यांनी क्लाइडबँकला पंप बनवणाऱ्या कारखान्यात उमेदवारीला पाठवलं. त्या माणसाने पुढे पन्नासहून जास्त वर्षं ‘कोण अडखळलं आणि कोण नाही’ याचा निवाडा केला. आणि त्यांना ती खुर्ची नकोच होती. ते खेळाडू म्हणून येणार होते. अध्यक्ष जिमी एडवर्ड्स व्हायचे होते, त्यांना रविवारी जमेना, म्हणून पहिल्या चाचणी भागाला पार्सन्स यांना बसवलं.

जुने भाग ऐकताना मला नेहमी वाटायचं, हा माणूस अडखळलेल्याला संशयाचा फायदा इतका का देतो. हे कळल्यावर वाटलं, कदाचित म्हणूनच.

नीलपंख

माहीत नव्हतं. पण त्याने नियम बदलत नाही. जो स्वतः त्यातून गेला त्याने तो नियम काढून टाकायला हवा होता.

मूडी_९४

नियम काढला तर खेळ राहतच नाही. बाकी दोन नियमांवर कुणीही रेंगाळत, विचार करकरून साठ सेकंद काढेल. ताण अडखळण्याच्या भीतीतूनच येतो. रेडिओवरचे जुने खेळाडू क्लेमंट फ्रॉइड याद्या करायचे ते काय उगाच? एकामागून एक नावं घेत गेलं की थांबावं लागत नाही आणि शब्दही परत येत नाही. शेवटची दोन सेकंदं उरली की नेमकी हरकत घेऊन शिट्टीचा गुणही खिशात. हे कौशल्य आहे.

सांगलीकर

बघा, हाच तुमचा जॅम मास्टर. एक बाई तिच्या भावाचं उष्टं ताट दाखवतेय आणि हा फ्रॉइडची युक्ती समजावतोय. १९९७ ला हाच होता की काय त्या स्टेजवर?

मूडी_९४

मी मुंबईत होतो. आणि वैयक्तिक होऊ नका. पण… मी काल रात्री जुनी वही काढली, आमच्या नियमांची. ‘स्पीच डिफेक्ट’ असा चक्क नियम होता आमच्याकडे. माझ्याच अक्षरात. तेव्हा आम्हाला तो ‘र’ला ‘ल’ म्हणणाऱ्यांवरचा गमतीचा वाटायचा. नीलपंख, तो नियम वाईट होता. मी त्यावर गुण दिलेत. बाकीचा जॅम मी सोडणार नाही, पण हा नियम वाईट होता.

व्याकरणवाटा

तीन दिवस वाचतोय, आता राहवत नाही. तुम्ही सगळे इंग्रजी, इंग्रजी करताय. मराठीत खेळून पाहिलंय का कुणी? मी माझ्या आठवीच्या वर्गात खेळतो. दर शनिवारी, शेवटचा तास, पटावर एकोणचाळीस मुलं. गंमत सांगतो: पुनरुक्तीचा नियम मराठीत जसाच्या तसा चालतच नाही. आपली भाषाच द्विरुक्तीवर उभी आहे. हळूहळू, गरमगरम, बोलता बोलता, रडत रडत, दारोदार, घरोघरी. पहिल्याच शनिवारी एक मुलगी बाजारावर बोलत होती, “ताजी ताजी मेथी” म्हणाली आणि अख्खा वर्ग ओरडला, पुनरुक्ती! ती म्हणाली, “मग काय नुसती ताजी म्हणू? नुसती ताजी म्हणजे कालची पण असते.” मी तिला गुण दिला. आमचा नियम ठरला: अभ्यस्त शब्द हा एक शब्द.

उलट विभक्ती आपल्या मदतीला येते. इंग्रजीत ‘हाउस’ एकदा म्हटलं की संपलं. आपण घर, घराला, घरातून, घरचा म्हणत मिनिट काढू शकतो, जर अध्यक्षाने मान्य केलं तर. खरा शत्रू ‘आहे’. मराठी मुलाला ‘आहे’शिवाय तीन वाक्यं सलग बोलायला सांगा, घाम फुटतो. मग ती क्रियापदं शोधायला लागतात. “रस्त्यावर खड्डे आहेत”ऐवजी एकाने “खड्डे तोंड वासून बसलेत” म्हटलं. मी व्याकरण शिकवून जे झालं नसतं ते घड्याळाने केलं.

आणि ‘उच्चार’ हा नियम आमच्याकडे नाही. वर्गात वडार वस्तीतली मुलं आहेत, दोन मुली पावरी बोलणाऱ्या घरातल्या आहेत. ‘न’ आणि ‘ण’वर बझर लावला तर निम्मा वर्ग पुढच्या शनिवारी येणार नाही.

घड्याळ_शिट्टी

व्याकरणवाटा, विभक्तीवर मला हरकत आहे. मूळ खेळात एकवचन-अनेकवचन वेगळे शब्द धरतात हे खरं, पण घर-घराला-घरातून दिलंत तर पुनरुक्तीला अर्थच राहणार नाही. मूळ शब्द एकच आहे. सामान्यरूप बदललं म्हणून शब्द बदलत नाही.

व्याकरणवाटा

इंग्रजीत ‘टु द हाउस’मधला ‘टु’ सुटा आहे, म्हणून तो किरकोळ शब्दांत मोडतो. आपला ‘ला’ शब्दाला चिकटतो. त्याची शिक्षा मुलांना का? प्रत्यय लागला की पद वेगळं. हे माझं नाही, व्याकरणाचं म्हणणं आहे.

आकाशवाणी_माझी

याच्यावर कुणी रेडिओवर कार्यक्रम का केला नाही हा माझा पहिल्यापासूनचा प्रश्न आहे. चार माणसं, एक घड्याळ, एक शिट्टी. खर्च किती येतो याला?

सांगलीकर

मास्तर, तुमच्या वर्गात मी असतो तर माझी पंचवीस वर्षं वाचली असती, एवढं लिहितो. माझं मूळ मत तसंच आहे: ज्या भाषेत घरी बोललं जात नाही, त्या भाषेत अडखळण्यावर गुण कापू नयेत. रेडिओ फोरने आपल्या लोकांसाठी चालवावा, माझी हरकत नाही. ‘बंद करा’ म्हणालो ते मागे घेतो, कारण सू पर्किन्सचे दोन भाग काल ऐकले आणि त्यात मला कुणाचा अपमान दिसला नाही. आवडले असं म्हणत नाही.

नीलपंख

एक सांगायचं राहिलं. पार्सन्स यांची गोष्ट मी भावाला वाचून दाखवली. तो काही बोलला नाही. काल रात्री वीज गेली, घरात आम्ही पाचजण, आणि त्यानेच विषय काढला की मराठीत खेळू. पण तो बोलणार नाही, घड्याळ धरणार. मोबाईलवर सेकंद आणि शिट्टीच्या जागी कुकरची शिट्टी, ताटावर ठेवून चमच्याने वाजवायची. विषय दिला ‘आजीचा बटवा’. बाबा अठराव्या सेकंदाला “म्हणजे” वर थांबले. आईने हरकत घेतली. सगळे भावाकडे बघायला लागले. त्याने बराच वेळ घेतला. ‘प’वर अडला, तरी शब्द पूर्ण केला: “पुढे बोला.” हरकत नामंजूर, गुण बाबांना. आई अजून चिडलेली आहे.

मग काकू “हळू हळू उकळायचं” म्हणाल्या, मध्ये चक्क श्वास घेऊन. त्याने निकाल दिला की मध्ये श्वास घेतला तर दोन शब्द, नाहीतर एक.

व्याकरणवाटा

श्वासाचा निकाल! हा मी शनिवारी वर्गात लावणार. त्याला सांगा.

सांगलीकर

मला हा निकाल मान्य नाही. दम्याच्या माणसाने काय करायचं?

नीलपंख

विचारते त्याला.